नाव एकाचं, फोटो दुसऱ्याचा : एका ब्रासेरो कार्डाचं प्रकरण

हे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यातल्या एका मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबाचं आहे. २००८च्या ऑक्टोबरात ते सुरू झालं आणि पुढे दहा-एक वर्षं रेंगाळत राहिलं. मी तेव्हा तिथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या मौखिक इतिहास गटात ध्वनिमुद्रण आणि स्कॅनिंगचं काम बघायचे. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही गावांची नावं गाळली आहेत आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली तरुण माणसं सैन्यात आणि कारखान्यांत गेली आणि शेतांवर राबायला हात उरले नाहीत. ऑगस्ट १९४२मध्ये अमेरिका आणि मेक्सिको या दोन सरकारांनी करार केला. मेक्सिकोने मजूर पाठवायचे, अमेरिकेने त्यांना ठरावीक मुदतीचं काम, राहायला जागा आणि तासाला किमान ३० सेंट मजुरी द्यायची. या मजुरांना ब्रासेरो म्हणत. युद्ध संपलं तरी योजना संपली नाही. ती १९६४च्या अखेरपर्यंत चालली. तोवर सुमारे ४६ लाख करार झाले होते. एकच माणूस पुन्हा पुन्हा येई, त्यामुळे माणसांची संख्या याहून बरीच कमी.

सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येकाच्या मजुरीतून दहा टक्के कापून बाजूला ठेवले जात. 'घरी परतलात की मेक्सिकोत बचत म्हणून मिळतील' असं सांगितलं होतं. आपल्याकडे ऊसतोड मजुराच्या हातात उचल आधी पडते आणि मग तो हंगामभर ती फेडत बसतो. इथे नेमकं उलटं, आधी राबून घेतलं आणि पैसे मागाहून देतो म्हणाले. बहुतेकांना ते कधीच मिळाले नाहीत. अनेकांना तर असं काही कापलं जातंय याचाच पत्ता नव्हता.

२००१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय न्यायालयात यावर सामूहिक दावा लागला. तो एकदा फेटाळला गेला, मग पुन्हा उभा राहिला. दरम्यान २००५मध्ये मेक्सिको सरकारने जुन्या ब्रासेरोंसाठी निधी उभारला आणि प्रत्येकी ३८,००० पेसो द्यायचं ठरवलं. त्यानंतर २००८च्या शरदात अमेरिकेतल्या दाव्यात तडजोड झाली : १९४२ ते १९४६ या काळात ज्यांनी काम केलं आणि जे आता अमेरिकेत राहतात, त्यांना किंवा त्यांच्या पश्चात पत्नीला वा मुलांना प्रत्येकी ३,५०० डॉलर. मेक्सिको सरकारने चूक मान्य केली नाही, रक्कम तेवढी मान्य केली. अर्ज मेक्सिकन कॉन्सुलेटमध्ये द्यायचा होता, मुदत जेमतेम दोन महिन्यांची होती, आणि सगळी भिस्त त्या काळच्या कागदांवर होती.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे कागद. बराकींत राहिलेल्या, गोणपाटाच्या पिशवीतून संसार वाहिलेल्या माणसांनी ते सांभाळलेले असतील अशी अपेक्षा!

कुटुंब आणि डबा

आजोबा तेव्हा ८१ वर्षांचे. मूळचे मिचोआकान राज्यातले. फेब्रुवारी १९४३मध्ये तिथल्या एका मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुतिन ज्वालामुखी वर आला. तो पुढे नऊ वर्षं धुमसत राहिला. आसपासची शेतं राखेखाली गेली, सान हुआन परांगारिकुतिरो हे गाव लाव्ह्याने गिळलं, चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला. आजोबांचं गाव त्या गावाइतकं जवळ नव्हतं, पण राख तिथपर्यंत यायची. "आई तवा उपडा ठेवायची," ते सांगत. "नाहीतर सकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं."

त्या टापूतून बरेच पुरुष ब्रासेरो म्हणून उत्तरेला गेले. आजोबाही गेले आणि १९४४च्या हंगामात बीटरूटसारख्या दिसणाऱ्या साखर-बीटच्या शेतांत फूट-सव्वा फूट दांड्याची कुदळी घेऊन दिवसभर वाकून राहिले. या कुदळीला 'एल कोर्तीतो' म्हणतात. तिने इतक्या पाठी कामातून गेल्या की १९७५मध्ये कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली. पुढे पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा आले, मग मालकाच्या पत्रावर ग्रीन कार्ड मिळालं, बायको आणि थोरला मुलगा मिचोआकानहून आले, धाकटी मुलगी इथेच जन्मली. १९९४मध्ये कॅलिफोर्नियात प्रस्ताव १८७ मंजूर झाला. कागदपत्रं नसलेल्यांच्या मुलांना शाळा बंद, दवाखाना बंद, असा तो प्रस्ताव होता. पुढे तो न्यायालयात अडकला, पण ग्रीन कार्डावर वर्षानुवर्षं निवांत बसलेल्या मेक्सिकन लोकांनी धसका घेऊन नागरिकत्वाचे अर्ज भरले. आजोबा त्यातलेच एक.

२००८मध्ये घरात तिघं होती. आजोबा, पॅकिंग शेडमध्ये लेट्यूस भरणारी, पन्नाशीला टेकलेली त्यांची मुलगी, आणि तिची मुलगी, जी कॉलेजात चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन लोकांचा, इतिहास शिकत होती. थोरला मुलगा स्टॉक्टनला होता. घराचे हप्ते थकले होते. त्या वर्षी सलिनासमध्ये गल्लोगल्ली जप्तीच्या पाट्या लागत होत्या, त्यामुळे ३,५०० डॉलर ही या घरात मोठी रक्कम होती.

बातमी रेडिओवर ऐकून मुलीने कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत मजुरीच्या दोन पावत्या, मेणकागदात गुंडाळलेली जपमाळ आणि एक ओळखपत्र होतं. ओळखपत्राला हे लोक 'मिका' म्हणतात.

अडचण

नातीने ते कार्ड आमच्याकडे स्कॅन करायला आणलं. त्या सुमारास स्मिथसोनियनचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आणि एल पासोचं टेक्सास विद्यापीठ इतर संस्थांना सोबत घेऊन ब्रासेरोंच्या मुलाखती जमवत होते, आणि आमच्यासारखे छोटे गटही आपापल्या परीने तेच करत होते. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, प्रत काढून तिथल्या तिथे परत द्यायचे, असा आमचा नियम होता.

कार्ड तळहाताएवढं. कडा मऊ पडलेल्या, मधोमध घडीची रेघ, ती फोटोतल्या मुलाच्या हनुवटीवरून गेलेली. मुलाचे केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, कॉलर गळ्याला दोन बोटं सैल. शेजारी अंगठ्याचा ठसा, शाई जास्त झाल्याने रेषा एकमेकींत मिसळलेल्या. चेहरा निःसंशय आजोबांचा होता. डाव्या भुवईतली खाच अजून तशीच आहे. टाइपरायटरवर उमटवलेलं नाव मात्र त्यांचं नव्हतं. आडनाव तेच, नाव वेगळं, जन्मवर्ष पाच वर्षं आधीचं.

नात म्हणाली, "अबुएलितो, हे कोण?"

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच. आणि तोही."

हकिगत अशी : गावाच्या वाट्याला आलेल्या परवान्यांत त्यांच्या चुलतभावाचं नाव निघालं. निघायच्या आठवड्यात भावाची आई त्याला सोडेना. परवाना वाया घालवायचा नाही म्हणून भावाचा जन्मदाखला घेऊन सतरा वर्षांचे आजोबा इरापुआतोच्या भरती केंद्रावर गेले. तिथे तपासणारे आधी हात बघत. तळव्याला घट्टे असले तर शेतकरी, नाहीतर घरी जा. "घट्टे माझेच होते," आजोबा म्हणाले. "बाकी सगळं त्याचं."

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं असं म्हणावं, तर तेही खरं नाही. आजोबांनी तरुणपणी स्वतःच्या सफरीवर एक कोरीदो रचला होता. कोरीदो म्हणजे मेक्सिकन पोवाडा म्हणा हवं तर : सुरुवातीलाच साल आणि गाव सांगायचं, मग नायकाचं नाव, मग घडलं ते, शेवटी श्रोत्यांचा निरोप. बारशाला, लग्नाला, पंधराव्या वाढदिवसाच्या समारंभाला ते गिटारवर हा कोरीदो म्हणत. त्यात इरापुआतोचं स्टेशन आहे, बीटचं शेत आहे, तासाचे ३० सेंट आहेत. नायकाचं नाव चुलतभावाचं आहे. तीन पिढ्या टाळ्या वाजवून तो ऐकत आल्या, आणि सगळ्यांनी तो त्या दुसऱ्या माणसाविषयीच आहे असं धरलं.

आता पेच तीन होते. दाव्यासाठी १९४२ ते ४६मधला हा एकमेव पुरावा, पण नाव जुळत नाही. १९९०च्या दशकातल्या नागरिकत्वाच्या अर्जात 'याआधी दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का' असा रकाना असतो. आजोबांनी तो कोरा ठेवला होता. आणि चुलतभाऊ वारला असला तरी त्याची बायको, आजोबांची वहिनी, मिचोआकानात हयात होती. चुलतभाऊ पुढे १९५०च्या दशकात स्वतःच्या नावाने खरोखर ब्रासेरो म्हणून गेला होता. मेक्सिकोच्या ३८,००० पेसोंसाठी वहिनीने अर्ज केला होता आणि नवऱ्याचा एकही कागद नसल्याने तो अडकला होता.

ज्या बाईला पुरावा हवा होता, तिच्या नवऱ्याच्या नावाचा पुरावा सलिनासमध्ये बिस्किटांच्या डब्यात होता.

कोणते पर्याय होते

मुलीचं म्हणणं सरळ होतं. अर्ज भरायचा. बाजारातल्या एका 'नोतारियो'ने तिला सांगितलं होतं की दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून देतो, फी अमुक. मेक्सिकोत नोतारियो म्हणजे शिकलेला, वजनदार वकील. अमेरिकेत नोटरीचा अधिकार सही साक्षांकित करण्यापुरता. या फरकावर पोट भरणारी माणसं प्रत्येक लॅटिनो वस्तीत असतात. हा माणूस लबाड होता की नुसताच अर्धवट, ते मला सांगता येणार नाही. पण त्याचं प्रतिज्ञापत्र खोटं झालं असतं, कारण दोन नावं दोन माणसांची होती.

नातीला पैशांत रस नव्हता. तिला गोष्ट हवी होती. अख्खी, नावानिशी, कार्डाच्या चित्रासकट, सगळ्यांना बघता येईल अशी. दुसऱ्याच्या नावावर गेलेले ब्रासेरो काही थोडेथोडके नव्हते, पण त्याबद्दल उघड बोलणारे कमी, असं ती म्हणायची. ते खरंच होतं.

आजोबांच्या मनात तिसरंच. कार्ड वहिनीला पाठवून द्यावं. "नाव त्याचं होतं. माझ्या कमाईतले दहा टक्के त्याच्या नावाने कापले गेले. मग ते त्याच्या बायकोला जाऊ देत." यात एक जुना हिशेब होता. भावाने परवाना फुकट दिला होता, आणि त्याची परतफेड राहून गेली होती.

चौथा पर्याय नात सोडून सगळ्यांनी कधी ना कधी बोलून दाखवला : डबा बंद करा, कपाटावर ठेवा.

आम्ही त्यांना कायदा मदत केंद्रातल्या एका वकील बाईंकडे पाठवलं. त्यांनी तासभर नीट ऐकून घेतलं आणि मग जे सांगितलं त्याने सगळ्यांचाच थोडाथोडा विरस झाला. नोतारियोचा मार्ग म्हणजे शपथेवर खोटं. कार्ड वहिनीला पाठवायचं तर फोटो आणि अंगठा दुसऱ्याचा. वहिनीचा हक्क खरा असला तरी पुरावा खोटा ठरेल आणि तिचा खरा अर्जही त्यात बुडेल. प्रामाणिक मार्ग एकच : आजोबांनी स्वतःच्या नावाने अर्ज करायचा आणि सोबत जे घडलं ते जसंच्या तसं लिहून द्यायचं. तो मंजूर होण्याची शक्यता कमी. शिवाय 'मी दुसऱ्या नावाने राहिलो' असं सहीनिशी कागदावर येईल. चौसष्ट वर्षांपूर्वीच्या, सरकारनेच राबवलेल्या योजनेतल्या नावावरून कुणी ऐंशी वर्षांच्या माणसाचं नागरिकत्व काढायला निघेल असं त्यांना वाटत नव्हतं. "पण शून्य धोका आहे असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. आणि मुलाखत सार्वजनिक करणं हेही सही करण्यासारखंच आहे, आवाजही पुरावा असतो, हे त्यांनी नातीकडे बघून सांगितलं.

निर्णय

पहिला निर्णय पैशांचा. मुदत संपायला थोडे दिवस उरलेले असताना आजोबांनी अर्ज करायचा नाही असं ठरवलं. मुलगी चिडली. तिचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं : "अपा, तुम्ही राबलात हे खरं, पैसे कापले हे खरं, कार्ड खरं, फोटो खरा. खोटं फक्त नाव, आणि त्या नावाने मजुरी देताना कुणाला अडचण आली नव्हती." ग्रंथालयातल्या आमच्या बैठकीत मात्र या निर्णयाचं कौतुक झालं. पैशांपेक्षा स्मृती मोठी, वगैरे. असं कौतुक करणाऱ्या कुणाच्याही घराचा हप्ता थकलेला नव्हता. कायद्याच्या अंगाने निर्णय बरोबर होता असं मीही मानते. त्याची किंमत मुलीने मोजली आणि तिचं मत आमच्या कुठल्याही कागदावर आलं नाही.

दुसरा निर्णय वहिनीचा. कार्ड पाठवायचं नाही म्हटल्यावर आजोबा अस्वस्थ झाले. मग त्यांनी फोनाफोनी सुरू केली. गावाकडचे भाचे, मानलेली मुलं, जुने सोबती. चुलतभाऊ पन्नाशीच्या दशकात ज्यांच्याबरोबर गेला त्यांची नावं त्यांना पाठ होती, कारण त्यातले दोघे कोरीदोच्या एका कडव्यात आहेत. त्यांतल्या एकाच्या घरी ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीमागे सरकवून ठेवलेला चुलतभावाचा १९५६चा करार सापडला. भावाचा स्वतःचा, त्याच्या सहीचा. तो वहिनीच्या हाती पोचला.

तिसरा निर्णय गोष्टीचा, आणि यात सर्वांत जास्त वेळ गेला. मुलाखत नात घेत होती. माझं स्पॅनिश कामचलाऊ, मी मायक्रोफोन आणि पातळी बघायचे. मधल्या विश्रांतीत आजोबांनी मला विचारलं, "तू इंदू (म्हणजे भारतीय) ना? एका हंगामात मी युबा सिटीकडे पीच तोडायला होतो. तिथले मळेवाले तुमचे पगडीवाले, आणि त्यांच्या बायका आमच्याकडच्या." कॅलिफोर्नियातल्या त्या पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांबद्दल मी वाचलं होतं, त्यांच्या स्वयंपाकघरात जेवलेला माणूस पहिल्यांदाच भेटला. मी म्हटलं, मी तिकडची नव्हे, महाराष्ट्रातली. ते म्हणाले, "असू दे. तेही सगळे एकाच गावचे नव्हते."

रेकॉर्डिंगचे तीन मार्ग आम्ही त्यांच्यापुढे ठेवले. आवाज बदलून प्रसिद्ध करायचं. नावं कापून प्रसिद्ध करायचं. किंवा पूर्ण मुलाखत बंद ठेवून एक छोटी आवृत्ती खुली करायची. आवाज बदललेला नमुना ऐकून ते हसत सुटले. "हा तर गाढव बोलतोय." नावं कापायला त्यांची हरकत नव्हती, पण मग कोरीदोचं काय? त्यातून नाव काढलं तर ओळ लंगडी होते, यमक जातं. नातीने स्वतःचं एक नाव सुचवलं, मात्रा जुळणारं. आजोबांनी गिटार खाली ठेवली. १९६३मध्ये चुआलारजवळ मालगाडीने ब्रासेरोंच्या गाडीला धडक दिली आणि ३२ माणसं मेली, तेव्हा ते त्याच खोऱ्यात कामाला होते. ते म्हणाले, "१९४४ साली मी तसा मेलो असतो तर पेटीवर त्याचं नाव लिहून ती त्याच्या आईकडे गेली असती. ती आई जन्मभर माझ्यासाठी रडली असती. गाण्यात नाव राहू दे."

इथे नातीनेच वाट काढली, आणि मला ती अजूनही हुशारीची वाटते. नुसत्या कोरीदोत नाव असल्याने कुणाचंच काही उघड होत नव्हतं; तो चुलतभावाचा कोरीदो म्हणूनच सगळ्यांना माहीत होता. धोका होता तो गाणं, चेहरा आणि कार्ड एका जागी येण्यात. म्हणून गाणं पूर्ण, नावासकट खुलं ठेवलं, रचणाऱ्याचं फक्त पहिलं नाव दिलं. छोट्या मुलाखतीत ज्वालामुखी, भरती, शेत, कुदळी हे सगळं आलं. दाखल्याचा प्रसंग नाही. संपूर्ण मुलाखत आणि कार्डाची दर्शनी बाजू आजोबांच्या हयातीत बंद, आणि नंतर कुटुंबाच्या लेखी परवानगीने खुली करायची असं ठरलं. संमतीपत्रावर सह्या आजोबांच्या आणि नातीच्या.

पुढे काय झालं

वहिनीचा अर्ज मार्गी लागला. पैसे यायला बराच काळ गेला, पण ते तिच्या हयातीत आले. सलिनासच्या घराला काहीच मिळालं नाही. घर मात्र वाचलं, मुलीने रात्रपाळी घेतली म्हणून.

आजोबा २०१६मध्ये गेले. कोरीदोचं रेकॉर्डिंग त्या भागातल्या शाळांत वाजवलं जातं. एका शिक्षिकेने मुलांकडून आपापल्या आजी-आजोबांवर कोरीदो रचून घेतले, त्यातले काही फारच छान आहेत.

गडबड झाली ती २०१८च्या नोव्हेंबरात. मृतांच्या दिवसासाठी ग्रंथालयाच्या दालनात गावाची सामायिक ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीची आरास, मांडली होती : झेंडूची फुलं, कातरलेल्या कागदाच्या पताका, ज्याच्या त्याच्या आवडीचं खाणं, फोटो. मुलीने वडिलांचा बिस्किटांचा डबा ठेवला आणि डब्याला टेकून ते कार्ड. कुणीतरी हौसेने फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. चेहरा, नाव, अंगठा, आणि शेजारच्या चिठ्ठीवर आजोबांचं खरं नाव. दहा वर्षं आम्ही जे कुलपात ठेवलं होतं ते दुपारपर्यंत शेकडो जणांनी पाहिलं.

संध्याकाळी स्टॉक्टनहून थोरल्या मुलाचा फोन आला. त्याच उन्हाळ्यात बातमी आली होती की नागरिकत्व मिळवताना खोटी ओळख वापरलेल्यांच्या जुन्या फायली तपासायला सरकार वेगळं पथक नेमतंय. वडील आता या सगळ्याच्या पलीकडे गेले होते, पण थोरल्याचे कागद वडिलांच्या कागदांवरून निघाले होते. धाकटी इथे जन्मलेली, नात इथे जन्मलेली. घरात ज्याला खरोखर काही गमावण्याची भीती होती असा तो एकटाच होता, आणि २००८पासून त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. पूर्ण मुलाखत आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पोस्ट काढून टाकली गेली. नातीने मामाला ग्रंथालयात बोलावून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकवलं. कार्डाच्या भागावर तो काहीच बोलला नाही. थांबला तो भलत्याच ठिकाणी : लहानपणी त्याला सीमेपलीकडे कसं आणलं ते आजोबांनी ओघात, हसत सांगितलं होतं. "हे माझं आहे," तो म्हणाला. "हे त्यांनी सांगायचं नव्हतं." तो तुकडा कायमचा बंद केला आहे. वकिलांचा सल्ला पुन्हा घेतल्यावर कार्ड खुलं करायला मात्र त्याने स्वतःहून सही दिली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, दावा आणि मुलाखत या दोन गोष्टी एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर व्हायला नको होत्या. दाव्याला मुदत होती, मुलाखतीला नव्हती. पण कागद एकच असल्याने दोन्ही एकत्र गुंतल्या आणि दाव्याची घाई मुलाखतीत शिरली. आधी दाव्याचं काय ते ठरवून, महिनाभर जाऊ देऊन मग रेकॉर्डिंगला बसलो असतो तर मुलीलाही बोलायला जागा मिळाली असती. आजोबांच्या १९४४बद्दल चार तासांचं रेकॉर्डिंग आहे. २००८मध्ये ते पैसे सोडताना त्या घरात काय झालं याचं एक मिनिटही नाही. माझ्या मते इतिहास म्हणून दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी मोलाची नव्हती.

दुसरी, संमती. सांगणाऱ्याची सही घेतली की झालं, असं सगळीकडेच धरलं जातं. स्थलांतरितांच्या घरात ते पुरत नाही. एकाच्या कागदाला दुसऱ्याचा कागद बांधलेला असतो. 'या माणसाच्या कागदांवरून आणखी कुणाचे कागद झाले?' एवढा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर स्टॉक्टनचं नाव लगेच पुढे आलं असतं. ग्रंथालयाच्या संमतीपत्राला आता त्यासाठी वेगळं पान जोडलं आहे. त्यावर कथेत येणाऱ्या हयात माणसांची यादी, प्रत्येकाचं मत आणि तारीख असते. मुलाखत देणारे त्या पानाला कंटाळतात, हेही खरं.

तिसरी, कुलूप कुठे लावलं होतं याचा विचार. संग्रहातली प्रत बंद आणि मूळ कार्ड घरात मोकळं. घरच्यांनी ते कसं वापरावं हे सांगणारे आम्ही कोण? सांगूही नये. पण ओफ्रेंदेवर काय ठेवायचं, कुठली बाजू वर ठेवायची, याबद्दल मुलीशी दोन वाक्यं बोलायला हरकत नव्हती. ती सही करणाऱ्यांत नसल्याने कार्ड बंद का आहे हे तिला नीट कुणी समजावलंच नव्हतं.

दावा न करण्याबद्दल मात्र माझं मत पक्कं होत नाही. वकील बाईंनी सांगितलेला प्रामाणिक अर्ज फेटाळला गेला असता तरी 'दुसऱ्याच्या नावाने गेलेला ब्रासेरो' अशी एक नोंद अधिकृत फायलीत राहिली असती. तसे अर्ज बरेच आले असते तर तडजोडीच्या अटींवर प्रश्न तरी उठला असता. पण हे ८१ वर्षांच्या माणसाच्या जिवावर करायचे प्रयोग नव्हेत.

कार्ड आता मुलीच्या ताब्यात आहे. प्रदर्शनं भरवणारे ते अधूनमधून मागायला येतात, आदराने बोलतात, वारसा वगैरे शब्द वापरतात. ती कॉफी देते, ऐकून घेते आणि विचारते, मानधन किती. देणाऱ्यांनाच कार्ड मिळतं.